खड्डा आधी ओळखा : किनाऱ्यावरच्या उत्खननात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

प्रशिक्षणाला येणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोक्यात उत्खननाचं एक चित्र पक्कं असतं. वर मराठेशाहीचा थर, त्याखाली पोर्तुगीज काळ, मग शिलाहार, तळाला सातवाहन. एकेक थर उचलायचा आणि खाली जायचं. पुस्तकातल्या आकृतीत ते छान दिसतं. कोकणातल्या वाडीत मात्र माणूस दोन हजार वर्षं सतत काही ना काही खणत आलाय. विहीर, नारळाचं आळं, घराच्या पायाचा चर, संडासाची टाकी, जुन्या भिंतीतले चिरे काढून न्यायला घातलेला खड्डा. माणसाने सोडलं तिथे घुशी आणि खेकडे आहेतच. त्यामुळे इथे आपण खणतो कमी आणि आधीच्यांनी कुठे खणलंय ते शोधतो जास्त. हे एकदा पटलं की बाकीचं मी आठवड्याभरात शिकवू शकते.

पुढचं सगळं चौल डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. अलिबाग तालुका, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ, शेजारी रेवदंडा. कान्हेरीच्या शिलालेखांत याचं नाव चेमुल, ग्रीक लेखकांकडे सेमुल्ला किंवा सिमुल्ला, अरबांकडे सैमूर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी इथे येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथेच जहाजातून उतरला, पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी घातली. आज बघाल तर नारळ-पोफळीच्या वाड्या, पाट आणि मोटारपंप. २००० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने विश्वास गोगटे यांच्या नेतृत्वाखाली इथे खणलं, तेव्हा प्राचीन बंदराचे अवशेष या वाड्यांच्या खालीच निघाले. उत्खननाला येण्याआधी एक दिवस काढून चौल पायी फिरा. खाडी गाळाने कशी भरत गेली, पाणी पूर्वी कुठवर येत असेल, हे चालल्याशिवाय कळत नाही. नकाशावर किनारा एक रेघ असते. प्रत्यक्षात तो सरकत असतो.

बॅगेत काय

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, मऊ तळाचे कॅनव्हासचे बूट. जाड ट्रेकिंग बूट नकोत, त्यांच्या टाचेने साफ केलेला पृष्ठभाग उखडतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. स्वतःची खुरपी असली तर उत्तम. गावच्या लोहाराकडची साधी, पात्याला धार पण टोक बोथट. पाच मीटरचा टेप, ओळंबा, लाइन लेव्हल, नायलॉनची दोरी, टू-एच पेन्सिली, खोडरबर. जेल पेन घरी ठेवा. दमट हवेत ती शाई पसरते आणि मार्चमध्ये लेबल वाचताना कोणीतरी तुम्हाला शिव्या देतं. ते काम बहुधा माझ्याकडे असतं.

हंगाम पावसाळा संपून जमीन वाफशावर आली की सुरू होतो आणि उन्हं कडक होईपर्यंत चालतो. परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा लागतो, तो उत्खननाच्या संचालकाच्या नावे असतो. तुम्हाला त्यात काही करायचं नसतं, पण तो वाचा. कुठे आणि किती काळ खणायला परवानगी आहे, अहवाल कोणाला द्यायचा, हे पहिल्या दिवशी माहीत असलं पाहिजे.

आखणी

दहा बाय दहा मीटरचे चौकोन, प्रत्येकाचे चार भाग, मध्ये न खणता ठेवलेली मातीची भिंत, म्हणजे बॉक. काटकोन साधायला तिरकं मोजायचं सूत्र शाळेतलंच, तीन-चार-पाच. खुंटी ठोकताना ती सरळ जातेय की मुळावर आपटून कललीय ते बघा, कारण वाडीत हमखास आपटते. उंचीचा संदर्भबिंदू नारळाच्या बुंध्यावर खिळा मारून घेऊ नका. झाड वाऱ्यात हलतं आणि मालकालाही आवडत नाही. विहिरीचा कठडा किंवा देवळाचा जोता बरा.

बोलताना एक शिस्त पाळा. आपण खणतो ती ट्रेंच, आधीच्या माणसांनी खणला तो खड्डा. दोन्हीला खड्डा म्हणायला लागलात की संध्याकाळच्या डायरीत गोंधळ झालाच.

खुरपी आणि खड्डा

इथे वेळ घालवा. बाकी सगळं वाचून शिकता येतं, हे हातानेच येतं.

उकिडवं बसा, खुरपी जवळजवळ आडवी धरा आणि पातं स्वतःकडे ओढा. खुपसायची नाही. एका ओढीत नखाएवढा जाड पापुद्रा निघाला पाहिजे. मागे मागे सरकत जा म्हणजे साफ केलेल्या जागेवर पाय पडत नाही. माती सुपलीत, सुपलीतून घमेल्यात, घमेल्यातून चाळणीवर. हातभर जागा साफ झाली की थांबा, उठा, आणि दोन मीटर लांबून बघा. बसून कधीच खड्ड्याची कड दिसत नाही.

बघायची वेळ सकाळची. सात-साडेसातला, दवाने माती ओली असताना आणि ऊन तिरकं असताना, रंगातला फरक सगळ्यात स्पष्ट असतो. अकराला तीच जागा एकसारखी पांढुरकी दिसते. तेव्हा फवारणीच्या पंपाने हलकं पाणी मारा आणि सुकताना लक्ष ठेवा. भरावाची माती आणि मूळची माती एकाच वेगाने सुकत नाहीत. भराव सैल असतो, पाणी धरतो, काळपट राहतो. काही मिनिटांसाठी एक गोल किंवा लांबट डाग जमिनीवर उमटतो आणि जातो. तेवढ्यात खुरपीच्या टोकाने त्याची कड कोरून घ्यायची.

रंग दिसला नाही तर हात वापरा. कडेपाशी खुरपीचा आवाज बदलतो. घट्ट मातीवर ती कर्र करते, भरावात तिला आवाजच नसतो. मुळं बघा. नारळाची मुळं दोरीसारखी आणि एकसारख्या जाडीची असतात, ती सैल जागेत दाटीने शिरतात. शिंपल्यांचे तुकडे बघा. पडून राहिलेल्या जमिनीवर ते बहुतेक आडवे असतात, खड्ड्यात ओतलेल्या कचऱ्यात कसेही उभे-तिरके. घुशीचं बीळ मुठीएवढं, वाकडंतिकडं आणि आत पोकळ किंवा भुसभुशीत. खेकड्याचं त्याहून लहान, तिरकं उतरत जाणारं, शेवटी ओली वाळू.

एका ट्रेंचमध्ये घडलेलं सांगते. पाचव्या थरात एका मुलाला लाल ओपाची खापरं मिळत होती, चांगली, सुरुवातीच्या शतकांतली वाटावीत अशी. तो खूश. त्याच्या घमेल्यात एक सपाट, विटकरी, कडेला खाच असलेला तुकडा होता, तो त्याने खापर म्हणूनच पिशवीत टाकला. मी तो उलटा केला. मागच्या बाजूला साच्यातून उमटलेली दोन अक्षरं होती. मंगळुरी कौल.

आता हिशेब करा. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. म्हणजे हा तुकडा ज्या मातीत पडला ती माती १८६५ च्या आधी तिथे पडलेली असूच शकत नाही, मग तिच्यात सातवाहन काळाची टोपलीभर खापरं का असेनात. मातीचं वय तिच्यातली सगळ्यात नवी वस्तू ठरवते. जुन्या वस्तू किती आहेत याला किंमत नाही. त्या खड्डा खणताना खालून वर आल्या आणि भरताना परत आत गेल्या.

पोराचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "मॅडम, पण थर तर एकच दिसतोय." दिसत होता खरा. शेजारी काम करणारे काका, ज्यांचा जन्म वाडी शिंपण्यात गेलाय, ते खाली वाकले, तळवा फिरवत गेले आणि एके ठिकाणी थांबले. "हितून नरम लागते." आम्ही तिथून पाणी मारलं. साधारण मीटरभर व्यासाचं गोल उमटलं. कधीकाळचं नारळाचं आळं. झाड गेलं, आळं बुजवलं, बुजवताना फुटकं कौलही आत गेलं.

यावर करायचं काय, ते क्रमाने. त्या थराचं खणणं ताबडतोब थांबवायचं. आळ्याला वेगळा क्रमांक द्यायचा. त्याची माती, त्याची खापरं, त्याच्या पिशव्या सगळं वेगळं. आधी आळं पूर्ण रिकामं करायचं, त्याच्या भिंती आणि तळ लागेपर्यंत, मगच आजूबाजूच्या थराला हात लावायचा. जे शेवटी घडलं ते आधी काढायचं. आणि ज्या पिशव्यांत दोन्हीकडचा माल मिसळला, त्यांवर तसं स्पष्ट लिहायचं. त्या फेकायच्या नाहीत आणि लपवायच्या तर मुळीच नाहीत. मिश्र म्हणून नोंदवलेली पिशवी कोणाची दिशाभूल करत नाही.

काकांना विचारायला लाजू नका, हे वेगळं सांगायला नको. पदव्युत्तर शिकलेल्या मुलांना ते जड जातं असा माझा अनुभव आहे.

पाणी आणि वाळू

देशावरच्या साइटवर काम केलेल्यांना इथे पहिला धक्का तळात बसतो. दोन-अडीच मीटरवर पाणी लागतं आणि ते स्थिर नसतं. खाडीजवळच्या वाळूत ते भरती-ओहोटीबरोबर, थोडं मागून, वर-खाली होतं. म्हणून तळाचं काम ओहोटीच्या वेळेला लावायचं. भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरची जुनी रीत पाठ करून ठेवा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण घमेली कधी भरायची हे ठरवायला पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तळात उतरायचा बेतच करू नका. ते दिवस सेक्शन, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या भिंतीतल्या थरांचं रेखाटन, काढायला आणि खापरं धुवायला ठेवा.

पाण्याखालच्या मातीला घाबरून काम सोडू नका, कारण लाकूड टिकतं ते तिथेच. केरळात पट्टणमला, जी जागा अनेक जण मुझिरिस हे प्राचीन बंदर मानतात, तिथे ओल्या चिखलात एकाच लाकडातून कोरलेली होडी आणि बांधायचे लाकडी खुंट मिळाले. कोरड्या थरात त्यांची मातीसुद्धा उरली नसती. ओलं लाकूड दिसलं तर ते उघडं ठेवायचं नाही. ओलं गोणपाट, वर प्लॅस्टिक, आणि पर्यवेक्षकाला हाक. उन्हात अर्धा तास राहिलं तरी ते तडकायला लागतं.

आता सुरक्षिततेचं, आणि यात मी कोणाचं ऐकत नाही. वाळूची भिंत सांगून पडत नाही. ट्रेंच कमरेच्या वर खोल गेली की पायऱ्या ठेवत खाली जायचं. काढलेल्या मातीचा ढीग कडेपासून दीड मीटर तरी लांब. बॉकच्या कडेवर उभं राहून फोटो काढायचा नाही, आणि बॉकला पाठ टेकून डबा खायचा नाही, सावली कितीही छान असली तरी. तळात एकटं कोणी उतरायचं नाही.

खापरं

दुपारी दोननंतर खापरं. एका वेळी एकच पिशवी उघडा. तिचं लेबल ट्रेमध्ये दगडाखाली ठेवा, मग पाणी. मऊ टूथब्रश, कडा घासायच्या नाहीत. वाळवण सावलीत. किनाऱ्यावर खापरात मीठ मुरलेलं असतं. उन्हात झटकन वाळवलंत तर मीठ पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतं आणि झिलई पापुद्र्यासारखी सुटते. निळी-हिरवी झिलई असलेली पश्चिम आशियाई भांडी यात सगळ्यात नाजूक. ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, पाणी रोज बदलायचं. तांब्याच्या आणि लोखंडाच्या वस्तूंना मात्र पाणी लावायचंच नाही. कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत.

काही तुकडे धुवायचेच नाहीत. आतून काळं अस्तर असलेलं जाड खापर मिळालं की फॉइलमध्ये गुंडाळून बाजूला. प्रत्येक हंगामात कोणीतरी "अँफोरा!" (दारू-तेल नेणारा दोन कानांचा रोमन रांजण) म्हणून ओरडतं आणि सगळी ट्रेंच काम सोडून धावते. धावा, पण मग नीट बघा. इटलीच्या कंपानिया भागातल्या अँफोराच्या मातीत बारीक काळे चमकदार कण दिसतात, ज्वालामुखीच्या वाळूचे. भिंगाखाली ते ओळखू येतात. असे कण नाहीत, कान नाहीत आणि आत डांबराचं जाड काळं अस्तर आहे, तर ते बहुधा इराणच्या आखाताकडून आलेलं टॉर्पीडो जार. भारतात आधी रोमन म्हणून नोंदवलेले कितीतरी तुकडे पुन्हा तपासल्यावर या जातीचे निघालेत. दोन्ही महत्त्वाचेच, पण जहाज कुठून आलं ते पूर्ण बदलतं. म्हणून लेबलवर "अँफोरा" लिहू नका. "जाड, आत काळं अस्तर" असं लिहा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडूचं. १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे खणलं, आणि त्यांच्या हाताखाली भारतीय विद्यार्थी शिकत होते. इटलीत बनलेल्या अरेटाइन भांड्यांचा काळ युरोपात ठाऊक होता, त्यावरून त्यांनी थरांचा काळ बसवला. त्याच थरांत चक्राकार ठिपक्यांची नक्षी असलेली रुलेटेड थाळी होती. तिचंही नातं त्यांनी भूमध्य समुद्राशी जोडलं. पन्नासएक वर्षांनी गोगट्यांनी, हेच चौलचे, त्या मातीची क्ष-किरण तपासणी केली आणि तिचा उगम बंगालकडे, चंद्रकेतुगढ-तामलूकच्या पट्ट्यात दाखवला. खापरं पिशवीत, ठिकाण लिहून ठेवलेली होती म्हणून हे जमलं. व्हीलर यांचं मत चुकलं तरी नोंद कामाला आली.

मणी चाळणीतून निसटतात. काचेचे काही मणी मोहरीएवढे असतात. संशयित मातीचं एक घमेलं पाण्यातल्या बारीक जाळीवर चाळा. वर तरंगणारे कोळसे आणि दाणे वेगळे गोळा करा. कार्बन तारखेसाठीच्या कोळशाला बोट लावायचं नाही. खुरपीच्या टोकाने थेट फॉइलमध्ये.

लेबल आणि डायरी

प्रत्येक पिशवीत दोन लेबलं, एक आत लहान झिप पिशवीत, एक बाहेर. साइट, ट्रेंच, भाग, थर किंवा खड्डा क्रमांक, खोली, तारीख, तुमची अद्याक्षरं. खोली कशापासून मोजली तेही.

डायरी त्याच संध्याकाळी. पानाच्या डाव्या बाजूला जे दिसलं ते, उजव्या बाजूला तुम्हाला जे वाटतं ते. "काळी सैल माती, कोळसा, माशांचे काटे, व्यास सुमारे ६० सेंमी" हे डावीकडे. "चूल?" हे उजवीकडे, प्रश्नचिन्हासह. रोज एक कच्चं रेखाटन काढा, चित्रकला येत नसली तरी. फोटो आहेत ना, असं म्हणू नका. फोटोत सावलीसुद्धा खड्ड्यासारखी दिसते. रेखाटताना कड कुठे आहे याचा निर्णय तुम्हाला घ्यावाच लागतो.

सेक्शन १:२० ला काढा, दोघांनी मिळून: एक मोजतो, एक मांडतो. जिथे कड नक्की नाही तिथे तुटक रेघ. सगळ्या रेघा ठाम असलेला सेक्शन दिसला की मी तो परत करते.

गाव

"सोनं सापडलं का?" हा प्रश्न रोज येणार. हसण्यावारी नेऊ नका. विचारणाऱ्याला आत बोलवा, दोरीच्या बाहेरून ट्रेंच दाखवा, धुतलेली खापरं हातात द्या. गुप्त ठेवलेल्या जागेवरच रात्री कोणीतरी पहार घेऊन येतं. वाडीच्या मालकिणीला मावशी म्हणत असाल तर मावशीसारखं वागा: पाट तोडायचा असेल तर आधी विचारा, पडलेला नारळ उचलण्याआधीही विचारा. घरात जुनं नाणं किंवा मूर्ती आहे असं कोणी सांगितलं तर बघा, ठिकाण विचारा, नोंद करा. विकत घेऊ नका आणि किंमत सांगू नका. एकही खापर आठवण म्हणून घरी न्यायचं नाही. सापडलेल्या वस्तूचा फोटो त्या दिवशी सोशल मीडियावर टाकायचा नाही, जागेच्या खुणेसह तर नाहीच.

शेवटचा आठवडा

नवीन खोली शेवटच्या चार दिवसांत सुरू करू नका. ते दिवस सेक्शन, फोटो, उरलेल्या खड्ड्यांचे तळ आणि नोंदवह्यांचे. फोटोला सेक्शन साफ, पट्टी उभी, उत्तर दिशेचा बाण, पाटीवर अक्षरं सुवाच्य. बादली, चपला आणि पाण्याची बाटली चौकटीबाहेर.

भरताना तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरा, म्हणजे पुढे कोणी इथे उतरलं तर आपण कुठवर गेलो ते कळेल. त्यावर चालू वर्षाचं एक नाणं टाका. तुमची ट्रेंचही आता एक खड्डाच आहे, आणि पुढच्याला तिचा काळ लागेल. माती थराथराने दाबत भरा, नाहीतर पहिल्याच पावसात वाडीत तळं होतं. तोडलेला पाट परत बांधा, पंपाची नळी जोडा, आणि मालकिणीसमोर पाणी सोडून बघा. नोंदवह्या, रेखाटनं आणि फोटोंच्या दोन प्रती निघण्याआधी पर्यवेक्षकाच्या हातात द्या. घरी जाऊन पाठवते म्हणणाऱ्यांची डायरी पुढच्या पावसाळ्यापर्यंत येत नाही.